कोड : तो की ते?

त्या वर्षी आमच्या घरात रवा टिकत नव्हता. आईला आधी उंदराचा संशय आला, मग शेजारच्या काकूंचा, कारण त्या वाटी घेऊन यायच्या आणि वाटी परत करायला विसरायच्या. रवा खरं तर माझ्या गालांवर जात होता. रद्दीच्या दुकानात जुनी इंग्रजी मासिकं मिळायची. त्यांत लिहिलेलं असायचं, की चेहऱ्यावरची मृत त्वचा घासून काढावी, म्हणजे आतली ताजी, तजेलदार त्वचा वर येते. त्यासाठी जर्दाळूच्या कवचाची पूड वापरायला सांगितलेली असायची. नेरूळला आमच्या सेक्टरमध्ये धड कोथिंबीर मिळायची पंचाईत होती, जर्दाळूचं कवच कुठून आणणार? मी रवा घेतला. बारीकसुद्धा नाही, उपम्याचा जाड रवा.

रव्यानंतर लिंबू, लिंबानंतर लाल साबण. साबण वारंवार लागायचा, कारण बाहेरून आल्यावर गालावर बोट फिरवलं की बोट राखाडी निघायचं. एका बाजूला दगडखाणी, दुसऱ्या बाजूला खाडीचा खारट वारा आणि मध्ये जिकडे बघावं तिकडे बांधकाम. एवढी धूळ अंगावर घेऊन माणूस स्वच्छ कसा राहणार, असा माझा हिशेब होता. शिवाय मुरूम होते. मुरमांवर झोपताना टूथपेस्ट लावायची, हा शोध कॉलेजमधल्या मैत्रिणीचा.

"हिच्या चेहऱ्याला सकाळी पुदिन्याचा वास येतो," ताई म्हणायची. "चटणी वाटावी का?"

ताई माझ्यापेक्षा बरीच मोठी. ती वाशीला एका पतपेढीत नोकरी करायची. ती मराठी शाळेत शिकली. मी शाळेत जायच्या वयाची होईपर्यंत पप्पांचं मत बदललं. आपण नव्या शहरात आलोय तर मुलगीही नव्या पद्धतीनं शिकावी असं त्यांना वाटलं, आणि मी इंग्रजी शाळेत गेले. त्याचा परिणाम असा झाला, की मराठीत कुठली वस्तू तो, कुठली ती आणि कुठली ते, याबद्दल माझी कायमची धाकधूक असायची. लहानपणी एकदा पाहुण्यांसमोर मी "माझी दात दुखते" म्हणाले होते. ते वाक्य आमच्या घरात सणासुदीला अजूनही निघतं. तेव्हापासून पाहुणे आले की मी कमी बोलायचे आणि बघायचे जास्त.

तर मी बघत होते, की ताईला लग्न करायचं आहे. म्हणजे नुकत्याच सांगून आलेल्या मुलाशी. पप्पा न्हावा शेवा बंदरात एका कंपनीच्या ऑफिसात होते आणि मुलगा तिथेच दुसऱ्या ऑफिसात, कंटेनर सोडवायची कागदपत्रं बघायचा. पप्पांच्या एका मित्रानं मध्यस्थ होऊन दोन्ही घरं जोडून दिली होती. मुलगा वडिलांबरोबर एकदा येऊन गेला. ताई आणि तो गॅलरीत उभे राहून थोडा वेळ बोलले. ते गेल्यावर आईनं विचारलं, "काय?" ताई म्हणाली, "ठीक आहे." आईला वाटलं, ताईला फारसं पसंत नाही. पण त्या दिवशी भांडी घासायची पाळी माझी असताना ती ताईनं घासली, आणि घासताना एकदाही मला काही बोलली नाही. माझ्या माहितीत असं कधी झालं नव्हतं.

मग त्यांच्याकडच्या बायका यायच्या होत्या. बायका म्हणजे मुख्यतः मावशी. मुलाची आई तो लहान असतानाच गेली होती आणि त्याला मावशीनं वाढवलं होतं. ही माणसं आमच्यासारखीच मूळची साताऱ्याकडची. मावशींच्या यजमानांचा वाशीच्या मार्केटात कांदा-बटाट्याचा गाळा होता. मावशी आल्या त्या दारातूनच सगळं घर डोळ्यांनी झाडून घेत आल्या. उंच बाई, ठसठशीत काठाची साडी, कपाळावर मोठी मरून टिकली. पोहे झाले, चहा झाला, ताईला काय काय येतं ते विचारून झालं. मी कपबशा उचलून स्वयंपाकघरात गेले, तर मावशी माझ्यामागोमाग आत आल्या.

"बस गं, बस," त्या म्हणाल्या, आणि मला खांद्याला धरून खिडकीकडे वळवलं. माझ्या डाव्या गालाकडे त्या बराच वेळ बघत होत्या. मी लाजून खाली बघत होते. मला वाटलं, मुरूम.

"काय शिकतीस?"

"बी.एस्सी.च्या शेवटच्या वर्षाला आहे. आणि वाशीला कॉम्प्युटरचा क्लास लावलाय."

"बरं हाय." दाराकडे बघून त्यांनी आवाज खाली आणला. "एक इचारू? राग मानू नगंस. तुमच्यात कोड हाय का कुणाला?"

आता माझी बाजू समजून घ्या. क्लासमध्ये आमचे सर दिवसभर एकच शब्द बोलायचे. कोड लिहिला का, कोड चालला का, कुणाच्या कोडमध्ये चूक आहे. आणि घरी येणारी प्रत्येक बाई आजवर मला पुरणपोळी येते का एवढंच विचारत आली होती. पहिल्यांदाच एका पाहुणीनं माझ्या अभ्यासातलं काहीतरी विचारलं होतं. कानाला वाक्य थोडं वेगळं लागलं, पण साताऱ्याकडे असंच म्हणत असतील.

"मला आहे," मी म्हणाले.

मावशींनी भिंतीला हात टेकला. "तुला? कवापास्नं?"

"जूनपासून."

"आन् वाढतंय?"

क्लासमध्ये आम्ही 'तो कोड' म्हणायचो. पण लिंगाच्या बाबतीत माझ्यापेक्षा कुणाचंही ज्ञान बरंच असणार, म्हणून मी मुकाट्यानं मावशींचं नपुंसकलिंग घेतलं.

"हो, रोज थोडं थोडं वाढतं. सर म्हणतात, फार वाढलं की सांभाळायला अवघड जातं."

"सर म्हंजे?"

"वाशीचे. सगळ्यांचं तेच बघतात."

"लई जण येत्यात व्हय तिथं?"

"खूप. बाहेर चपलांना जागा नसते. सर म्हणतात, थोड्या वर्षांनी घरोघरी असेल."

"घरोघरी," मावशी पुटपुटल्या. "आन् तुझ्या ताईला?"

"नाही. तिला आवडत नाही."

"कुणाला आवडंल बाई," मावशी म्हणाल्या, आणि त्यांनी माझ्या डोक्यावरून हात फिरवला. त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं होतं. शिक्षणाची इतकी कळकळ असलेली बाई मी पाहिली नव्हती. ताईचं नशीब चांगलं आहे असं मला मनापासून वाटलं.

पुढच्या आठवड्यात मध्यस्थ काका आले. बराच वेळ ते आमच्या नव्या पडद्यांबद्दल बोलत बसले. मग म्हणाले, "तिकडून निरोप आहे. पत्रिका जुळत नाही म्हणतात."

"पत्रिका?" पप्पा म्हणाले. "आपण पत्रिका दिलीच नाही अजून."

काकांनी चहाचा कप उगाच फिरवला. "तेच तर. आता लपवण्यात अर्थ नाही. तुम्ही मला तरी आधी सांगायचं होतंत. धाकटीनं स्वतःच कबूल केलंय. अंगावर कोड आहे, जूनपासून आहे, वाढतंय, वाशीला कुणा सरांकडे ट्रीटमेंट चालू आहे. वर म्हणाली, घरोघरी होणार आहे."

सगळे माझ्याकडे वळले. त्यांच्या चेहऱ्यांवरून मला एवढं कळलं, की ह्या शब्दाचा आणखी एक अर्थ आहे आणि तो अंगावर असतो. पांढरे डाग, हे आईनं मला सांगितलं. मग मी त्यांना सी लँग्वेज सांगितली. सांगायला फार वेळ लागला, कारण मध्येच पप्पांना हसू फुटलं आणि त्यांना कप खाली ठेवावा लागला. काकाही हसले. आई हसली नाही. ताईही नाही.

"तुला कोड माहीत नव्हतं?" ताईनं विचारलं.

"माहीत होतं. दुसरं."

ताई उठून आतल्या खोलीत गेली. त्या दिवसापासून ती माझ्याशी आईमार्फत बोलू लागली. "तिला सांग, मीठ दे." मी तिच्या शेजारी, मिठासमोर बसलेली असायचे.

"एवढंच ना?" पप्पा काकांना म्हणाले. "उद्या जातो आणि समजावून सांगतो. हसतील तेही."

"जा की," काका म्हणाले. "पण पोरीच्या गालावरचा डाग मावशींनी डोळ्यांनी बघितलाय. त्याला काय सांगणार?"

मग आईनं मला गॅलरीच्या उजेडात नेलं. डावा गाल, ओठांच्या बाजूला. तिथे खरंच एक फिकट, खरखरीत चट्टा होता. मला तो माहीत होता. रवा काम करतोय, आतली तजेलदार त्वचा वर येतेय, अशी माझी समजूत होती आणि मी खूश होते. आईनं अंगठ्यानं तो पुसून बघितला, पुसला गेला नाही, आणि मग तिनं हात मागे घेतला. ताई खोलीच्या दारातून बघत होती. आता विषय माझ्या शब्दाचा राहिला नव्हता. चट्टा खरंच कोडाचा निघाला तर ताईचं लग्न गेलंच, आणि हे तिच्या चेहऱ्यावर सरळ दिसत होतं.

वाशीत तेव्हा कातडीचे डॉक्टर बरेच होते, पण बाई डॉक्टर आमच्या ऐकण्यात एकच. आई मला तिथे घेऊन गेली. कातडीच्या डॉक्टरकडची बाहेरची खोली मी पहिल्यांदाच बघत होते. तिथे कुणीच स्वतःसाठी आलेलं नव्हतं. एक बाई सुनेला घेऊन आल्या होत्या, सून म्हणत होती ती सासूबाईंना घेऊन आलीय. एक गृहस्थ मित्राचा रिपोर्ट दाखवायला आले होते आणि सतत पोटऱ्या खाजवत होते. आईनं शेजारणीला न विचारताच सांगून टाकलं, "हिचे केस गळतात." माझ्या पाठीवर जाडजूड वेणी होती. शेजारीण वेणीकडे बघून म्हणाली, "हो, दिसतंय."

कोपऱ्यात एक बाई पदर पार भुवयांपर्यंत ओढून बसल्या होत्या. आईनं दोनदा बघितलं.

"अहो, तुम्ही इकडे?"

मावशी दचकल्या. "सोबत आलीया."

"कुणाच्या?"

मावशींनी शेजारच्या रिकाम्या खुर्चीकडे बघितलं. "ती आत गेलीया."

तेवढ्यात आतलं दार उघडून मदतनीस मुलगी म्हणाली, "चला मावशी, कांदा-मार्केटवाल्या. तुमचा नंबर." आतून कुणीच बाहेर आलं नाही. मावशी उठल्या, पदर सावरला आणि आमच्याकडे न बघता आत गेल्या.

तिथली भिंत म्हणजे प्लायवूडचं पार्टिशन होतं, आणि ते छतापर्यंत पोचायच्या आधीच संपत होतं.

"टिकली काढा," आत डॉक्टरबाई म्हणाल्या.

आत खुर्ची करकरली.

"काढा हो. बघितल्याशिवाय कसं सांगू?" मग बांगड्या वाजल्या, आणि नंतर, "हं. किती वर्षं ही चिकटवताय?"

"आदी कुंकूच लावायची. ही चिकटायची निघाली तवापास्नं ही."

"आणि खाली डाग दिसायला लागला तेव्हा तुम्ही आणखी मोठी घेतलीत."

"मग काय उगडा ठिवू?"

"मोठी टिकली, जास्त गोंद, मोठा डाग. असंच चाललं असतं तर शेवटी कपाळभर टिकली लागली असती तुम्हाला."

"कोड हाय का ते?" मावशींनी विचारलं. आमच्या स्वयंपाकघरात विचारलं होतं त्याच खालच्या आवाजात. तेव्हा मला तो आवाज अदबीचा वाटला होता. आता कळलं की तो भीतीचा होता.

"रंग ह्या टिकलीच्या गोंदामुळं गेलेला दिसतोय. काही जणींना त्यातलं औषध सोसत नाही, रंगाच्या पेशी मरतात. टिकली आजपासून बंद. कुंकूसुद्धा सध्या नको. बऱ्याच जणींचा रंग हळूहळू परत येतो. काहींचा नाही येत. अजून कुठे उठतंय का ते आपण बघत राहू."

"मोकळ्या कपाळानं फिरू? मालक जित्ते हायत माजे."

"त्यांना म्हणावं, डॉक्टरांनी सांगितलंय. त्यांच्या तब्येतीला काही होणार नाही."

आई समोरच्या भिंतीवरचं दाताच्या मंजनाचं कॅलेंडर बघत होती. मी तिच्याकडे चोरून बघितलं. आई तशी भांडणात मागे राहणारी नाही. पाण्याच्या टाकीवरून तिनं अख्ख्या सोसायटीला गप्प केलं होतं. पत्रिकेचा निरोप पाठवणारी बाई आता तिच्या पूर्ण तावडीत सापडली होती. मावशी बाहेर आल्या. भुवयांच्या मध्ये एक गोल, फिकट डाग होता, टिकलीच्याच मापाचा.

"ऐकलंसा?" त्या आईला म्हणाल्या.

"इथला पंखा केवढा आवाज करतो," आई म्हणाली. "काही म्हणजे काही ऐकू येत नाही. बसा तुम्ही, पाणी घ्या."

पंखा बंद होता. मावशी बसल्या. "बसते जरा," त्या म्हणाल्या. "ऊन हाय भाईर." आणि आम्ही आत गेलो.

डॉक्टरबाईंनी माझा गाल भिंगातून बघितला आणि विचारलं, "काय काय लावता?" मी हळू आवाजात यादी सांगितली. रव्यापाशी आल्यावर आई म्हणाली, "रवा?" आणि तिच्या चेहऱ्यावर शेजारच्या काकूंबद्दलचा पश्चात्ताप मला स्पष्ट दिसला.

मग त्यांनी दिवा घालवला, पडदा ओढला आणि एक जांभळट दिवा माझ्या गालाजवळ धरला.

"खरं कोड ह्या उजेडात खडूसारखं पांढरं चमकतं," त्या म्हणाल्या. "हे चमकत नाहीये. हे कोड नाही." दिवा लागला. "ही नुसती छळलेली कातडी आहे."

आईनं लगेच विचारलं, "पण मग रंग का गेला?"

"गेला नाही, नीट बसत नाहीये. हे बघा, तुमच्याकडे बाहेर बांधकामं चालू आहेत ना? कातडीचा वरचा थर म्हणजे विटांची भिंत समजा. विटा मेलेल्या पेशींच्या, पण मेलेल्या म्हणजे बिनकामाच्या नव्हेत. आणि दोन विटांच्या मध्ये तेलकट सिमेंट असतं. त्यानं आतलं पाणी आत राहतं आणि बाहेरची घाण बाहेर. ही रोज रव्यानं विटा खरवडते, साबणानं सिमेंट धुऊन काढते आणि वर लिंबाचं आम्ल ओतते. मग भिंत काय करणार?"

"गळणार," आई म्हणाली. हा विषय तिचा होता. "आमच्या बिल्डिंगलाही तेच झालं. प्लास्टरच धड नाही, वरून रंग किती मारा."

"तेच. पाणी उडून जातं, कातडी कोरडी पडते, आतून सुजते, तिच्यावर रंग नीट धरत नाही. आजूबाजूचा गाल उन्हानं सावळा होतो, म्हणून हा चट्टा जास्तच उठून दिसतो."

"रंग घाण नसते का?" मी विचारलं. मला विचारायचं होतं, की घासल्यावर जे निघतं ते काय असतं, पण तोंडून हे आलं.

त्या माझ्याकडे बघून हसल्या. "रंग म्हणजे छत्री. खालच्या थरातल्या पेशी ती करून वर पाठवतात, पेशींच्या डोक्यावर ऊन पडू नये म्हणून. छत्री कुणी घासून काढतं का?"

मग त्यांनी औषध सांगितलं. चेहरा सकाळ-संध्याकाळ साध्या, सौम्य साबणानं धुवायचा, ओलसर असतानाच बिनवासाचं साधं मलम लावायचं, उन्हात ओढणी किंवा छत्री घ्यायची. आणि वाट बघायची, काही महिने.

"आणि?" आई म्हणाली.

"आणि काही नाही."

"इंजेक्शन वगैरे?"

"कंटाळा यावा इतकं साधं ठेवा. कातडी स्वतःचं काम स्वतः करते. तुम्ही फक्त मध्ये येऊ नका."

आईला हे फारसं पटलं नाही. काहीतरी कडू असायला हवं होतं, असं तिचं मत पडलं. उठताना तिनं विचारलं, "आणि समजा कोड असतं तर?"

डॉक्टरबाई एकदम थोड्या मोठ्यानं बोलू लागल्या. पार्टिशनची उंची त्यांनाही माहीत असणार. "असतं तर असतं. शिवल्यानं होत नाही. मासे खाऊन वर दूध प्यायल्यानं होत नाही. कुणाच्या पापानं होत नाही. रंगाच्या पेशी काम सोडतात, एवढंच. बाकीचं माणूस होतं तिथंच असतं."

बाहेर आलो तर मावशी अजून बसल्या होत्या. ऊन कधीच उतरलं होतं. त्यांनी मला जवळ बोलावलं.

"तुज्या त्या क्लासात कोड म्हंजे काय असतं गं?"

"कॉम्प्युटरनं काय काय करायचं ते त्याच्या भाषेत लिहून द्यायचं."

"मग आसं सांगायचं की मला तवा."

"तुम्ही विचारलंत, आहे का. मी म्हटलं, आहे."

मावशींनी थोडा विचार केला. "ते बी खरंच," त्या म्हणाल्या.

घरी आल्यावर मी ताईला सगळं सांगितलं, पंख्यासकट. आईनं न ऐकलेलंही सांगितलं. ताईनं ऐकून घेतलं, मग मलमाची डबी उघडून वास घेतला. "ह्याला तर वासच नाही," ती म्हणाली. ती माझ्याशी थेट बोलली होती, म्हणून मी उत्तरच दिलं नाही, फक्त मान हलवली.

रविवारी सकाळी बेल वाजली. पप्पांनी दार उघडलं. दारात मावशी मोकळ्या कपाळानं उभ्या होत्या आणि त्यांच्यामागे मुलगा, मान खाली. दवाखान्यात मावशी भेटल्याचं पप्पांना कुणी सांगितलं नव्हतं. पप्पांचा चेहरा पडला. ते दारातच हात जोडून म्हणाले, "अरेरे. आम्हाला कळलंच नाही हो. कधी झालं हे?"

"काय कवा झालं?" मावशींनी विचारलं, आणि तेवढ्यात त्यांचे यजमान खांद्यावर कांद्याचं पोतं घेऊन धापा टाकत जिना चढून वर आले.

"लिफ्ट न्हाय का तुमच्यात?" ते म्हणाले.

पप्पा त्यांच्याकडे इतक्या आनंदानं बघत होते, की यजमान जरा संकोचले. मावशींच्या सगळं लक्षात आलं. "जित्ते हायत," त्या म्हणाल्या. "आन् हे कपाळावरचं कोड न्हाय, गोंद हाय." हे त्या मोठ्यानं, जिन्यात ऐकू जाईल असं बोलल्या. मग आत येऊन बसल्या आणि म्हणाल्या, की माझं चुकलं, पोरीच्या गालावरचं औषधानं जाईल असं डॉक्टरीण म्हणते, आता तारीख काढू.

पप्पा हो म्हणणारच होते. मी चहा टाकायला उठले होते. पण ताई म्हणाली, "एक विचारायचंय," आणि तिनं मुलाकडे बघितलं. "पत्रिका जुळत नाही असं कळवलं होतं तुम्ही."

"मला तेच सांगितलं होतं," मुलगा म्हणाला, आणि मावशींकडे बघून थांबला.

"हिच्या गालावर कोड आहे असं वाटलं म्हणून ते होतं. आता नाही म्हणतात. पण समजा, असतं. किंवा लग्नानंतर मलाच झालं. तर?"

मी स्वयंपाकघराच्या दारात आधण सोडून उभी होते. आईनं ताईला डोळ्यांनी दटावलं, ताईनं तिकडे बघितलंच नाही. मुलगा खरोखरच विचार करत होता. आत माझं पाणी उकळून कमी व्हायला लागलं होतं.

"माहीत नाही," तो शेवटी म्हणाला. "खोटं कशाला बोलू? आधी घाबरलो असतो." त्यानं ताईकडे बघितलं. "मग तुम्हालाच विचारलं असतं, आता काय करायचं म्हणून. मला दुसरं कोण सांगणार?"

"आन् मी आडवी आले असते," मावशी म्हणाल्या. "आत्ताच सांगून ठिवते. म्हयन्यापूर्वी आले असते. आता न्हाय यायची."

ताई उठून स्वयंपाकघरात आली, माझ्या मागून हात घालून गॅस बारीक केला आणि पातेल्यात डोकावली.

"एवढ्याशा पाण्यात कुणाकुणाला चहा देणार आहेस?" ती म्हणाली. "परत टाक. आणि त्यांच्या कपात साखर अर्धाच चमचा."

"कुणाच्या?" मी विचारलं.

ताईनं कपाटातून चांगल्या कपबशा काढायला घेतल्या. पाठमोऱ्या ताईचे कान लाल झालेले मला दिसले. तिथलं रक्त वर आलेलं दिसतं, कातडी पातळ असते म्हणून.